घरचा ससा गेला, आता मुलीला 'वॉटरशिप डाऊन' दाखवू का?

पर्वरीच्या एका ताईंनी प्रश्न विचारलाय, बराच लांब आहे, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. मुलगी नऊ वर्षांची, धाकटा मुलगा पाचचा. घरी चिकू नावाचा ससा होता, पांढरा, लाल डोळ्यांचा. दोन वर्षं छान बागडला आणि मे महिन्यात एक दिवस खाणं सोडून कोपऱ्यात बसला, दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. मुलगी तेव्हा डिचोलीला मामाकडे होती. ती परत आल्यावर घरच्यांनी काय सांगितलं, तर चिकूला सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या खडकाळ माळावर, सोडला, तिथे त्याला बाकीचे ससे भेटले, मजेत आहे. तेव्हापासून दर रविवारी पोरगी कोथिंबिरीची जुडी घेऊन दारात उभी, चला सड्यावर. त्यात मावसभावाने सांगितलं की सशांचा एक इंग्लिश सिनेमा आहे, त्यात ससे जुनं घर सोडून नवं घर शोधायला जातात. झालं, आता तिला तो बघायचाच आहे. ताईंनी नेटवर वाचलं की 'वॉटरशिप डाऊन' फार रक्तबंबाळ आहे, म्हणून विचारतायत की दाखवू का नको, आणि दुसरा ससा आणून विषय मिटवून टाकू का.

मी गोव्यात फोंड्याकडे जनावरांची डॉक्टर आहे. गायीम्हशी, शेळ्या, कुत्री, मांजरं हे रोजचं. ससे पूर्वी क्वचित यायचे, हल्ली फ्लॅटमध्ये राहणारे लोक पाळतात त्यामुळे बरेच येतात. सिनेमाची मी काही जाणकार नाही, पण हा बघितलाय, पुस्तकही वाचलंय, आणि ससा गेल्यावर टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या पोरांशी बोलायची वेळ माझ्यावर वरचेवर येते, कारण आईवडील नेमके त्याच वेळी बिल द्यायला बाहेर जातात. (गमतीने नाही म्हणत, खरंच जातात.)

तर ताई, माझं मत आधीच सांगते. सिनेमातल्या रक्ताची मला तेवढी काळजी नाही. मला काळजी आहे ती तुमच्या सड्याची. तुमची मुलगी हा सिनेमा गोष्ट म्हणून बघणारच नाहीये, चिकूची खुशाली कळावी म्हणून बघणार आहे. आणि हा सिनेमा तिला घर सोडून गेलेल्या सशांचं काय काय होतं ते अगदी तपशिलात सांगेल. मग रात्री अकरा वाजता ती तुम्हाला विचारेल की आई, चिकूला पण ससाण्याने नेलं असेल का, आणि तुमच्याकडे त्याला उत्तर नसेल. म्हणजे प्रश्न सिनेमाचा दिसतोय पण अडलंय दुसरीकडेच.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी यात काय आहे ते सांगते. मूळ कादंबरी रिचर्ड अ‍ॅडम्सची, १९७२ ची. हा माणूस इंग्लंडात सरकारी नोकरीत होता, गाडीतून लांब जाताना दोन मुलींचा वेळ जावा म्हणून त्याने ही गोष्ट रचून सांगितली, मुलीच मागे लागल्या की लिहून काढा, आणि लिहिल्यावर बऱ्याच प्रकाशकांनी नको म्हटलं, शेवटी रेक्स कॉलिंग्ज नावाच्या छोट्या प्रकाशकाने छापली. वॉटरशिप डाऊन ही हॅम्पशायरमधली खरीखुरी टेकडी आहे. मला पुस्तक आवडायचं कारण मात्र धंद्यातलं आहे. अ‍ॅडम्सने रोनाल्ड लॉकली या निसर्ग अभ्यासकाच्या सशांवरच्या १९६४ च्या पुस्तकाचा भरपूर आधार घेतलाय, त्यामुळे हे ससे बोलतात, त्यांना देव आहे, पुराणकथा आहेत, पण वागतात मात्र सशासारखे, कोट घालून चहा पीत बसत नाहीत. धोका जाणवला की मागचा पाय जमिनीवर आपटतात, फार घाबरले की जागच्या जागी दगड होतात. बिळं खणायचं मुख्य काम माद्यांचं असतं, हे खरं आहे, आणि पुस्तकात सगळे नरच पळून आलेले असतात त्यामुळे त्यांचा म्होरक्या हेझल, त्याला त्यांना खणायला लावताना केवढी मनधरणी करावी लागते! ते वाचताना मी एकटीच हसत होते, कारण आमच्याकडे मी कॉलेजात असताना जी जोडी होती त्यातल्या मादीने तुळशीच्या कुंडीपासून शेवग्याच्या बुंध्यापर्यंत सगळं परस उकरून ठेवलेलं आणि नर शेजारी बसून मिशा साफ करायचा.

१९७८ साली मार्टिन रोझनने सिनेमा काढला, साधारण दीड तासाचा, हाताने काढलेली चित्रं, मागे इंग्लंडच्या कुरणांचे जलरंग, दिसायला फार सुंदर. ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाने त्याला 'यू' देऊन टाकलं, म्हणजे कुणीही बघा. सिनेमा संपला की त्याचा असर उतरेल, मुलांच्या मनात राहणार नाही, अशा अर्थाचं तेव्हाच्या अहवालात होतं म्हणे, आणि नंतर चाळीसेक वर्षं लोक सांगत राहिले की आमच्या मनात राहिलंय बुवा. २०१६ ला तिथल्या एका चॅनेलने ईस्टरच्या रविवारी हा लावला तेव्हा पालक भयंकर भडकले होते. शेवटी २०२२ मध्ये सर्टिफिकेट बदलून 'पीजी' झालं, म्हणजे आईबाबांनी आधी विचार करा. तेव्हा तुम्ही नेटवर वाचलंत त्यात खोटं काही नाही.

सुरुवातीलाच फायव्हर नावाच्या लहानखुऱ्या सशाला अख्खं शेत रक्ताने भरलेलं दिसतं. हे लोक वसाहत सोडून निघतात आणि थोड्याच वेळात एका मादीला (सिनेमात एक मादी बरोबर असते) ससाणा उचलतो, किंचाळणं नाही काही नाही, आत्ता होती आणि आता नाही. पुढे बिगविग हा त्यांच्यातला दांडगा नर फासात अडकतो, तोंडाला रक्ताचा फेस, तो प्रसंग लांब आहे. मागे राहिलेल्यांची बिळं माणसं बुजवतात आणि आत विषारी वायू सोडतात, ते तर चित्रांत असं दाखवलंय की मोठ्या माणसालाही गुदमरायला होतं. नंतर जनरल वूंडवॉर्ट नावाच्या जुलमी सशाची लष्करी छावणीसारखी वसाहत, फाटलेले कान, शेवटची मारामारी, कुत्रा. आणि अगदी शेवटी म्हातारा झालेला हेझल, त्याला न्यायला काळा ससा येतो, म्हणजे त्यांचा मृत्यूच तो, आणि हेझल शरीर तिथेच ठेवून त्याच्याबरोबर जातो. हा शेवट मला भयानक वाटत नाही. ज्या मुलांना आपला ससा गेलाय हे सरळ सांगितलेलं असतं ती हा भाग रडत का होईना पण बघतात, आणि बऱ्याचदा नंतर त्याच्याचबद्दल बोलतात. रक्ताबद्दल फारशी बोलत नाहीत.

पण तुमच्यासाठी सगळ्यात अवघड भाग वेगळाच आहे. मध्येच हेझलच्या टोळीला कळतं की जवळच्या शेतघरात पिंजऱ्यात पाळलेले ससे आहेत आणि ते त्यांना सोडवायला जातात. पुस्तकात अ‍ॅडम्सने ते फार बारकाईने लिहिलंय. पिंजऱ्याचं दार उघडलं तरी या पाळीव सशांना सुचत नाही बाहेर येऊन करायचं काय, कुठे पळायचं, कशाला घाबरायचं. त्यातला एक नर परत माणसांच्या हाती लागतो आणि या सगळ्या धांदलीत हेझलला गोळी लागते. तुमच्या मुलीला हे बघताना चिकू दिसणार, दुसरं कोण दिसणार?

आणि अ‍ॅडम्सचं बरोबर आहे. आपल्याकडे रात्री सड्यावरून गाडी नेताना लाइटमध्ये जो दिसतो, लांब पायांचा, मानेवर काळा डाग असलेला, तो रानससा, तो प्राणीच वेगळा. तो बीळ खणत नाही, गवतात नुसता खळगा करून बसतो, त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. चिकू हा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज, यांची पिल्लं नागडी आणि आंधळी. दोघांचं बीजही जुळत नाही, म्हणजे सड्यावर चिकूला सोबती मिळायचा प्रश्नच नव्हता. बीळ खणायचं म्हटलं तर खाली चिरा, म्हणजे जांभा दगड, जेसीबी लागेल. पांढरा रंग लांबून दिसतो, मुंगूस, घारी आणि मोकाट कुत्री भरपूर. एक रात्र काढली असती तरी नशीब. तुम्ही खरं सोडला नाहीत, नुसतं सांगितलंत, पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणी कंटाळून ससा 'मोकळा सोडायचा' विचार करत असेल तर कृपा करून नको. आणि उलटंही नको, सड्यावर रानसशाचं पिल्लू एकटं दिसलं म्हणून उचलून घरी आणतात लोक. ते अनाथ नसतं, आई दिवसा मुद्दाम लांब राहते, आणि रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो पाळता येत नाही.

तर आधी मुलीला खरं सांगा. त्यासाठी तुम्हाला स्वतःला कळायला हवं की चिकू कशाने गेला, कारण नऊ वर्षांची मुलगी पहिला प्रश्न तोच विचारणार.

न बघता मी ठाम सांगू शकत नाही. दाताचा त्रास असेल, आतून काही वेगळं असेल, पोटात केसांचा लगदा साठला असेल. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून, म्हणजे रोज सकाळी पोदेर (पाववाला) आला की पाव, मध्ये बिस्किट, गाजर हवं तेवढं, गवत जवळजवळ नाहीच, आणि पिंजरा पश्चिमेच्या गॅलरीत, ते पण मे महिन्यात, मला वाटतं आधी उकाडा आणि मग पोट बंद पडणं. सशाचं आतडं सारखं चालत राहावं लागतं आणि त्याला चालतं ठेवतो तो गवतातला चोथा. पाव-बिस्किटाचा स्टार्च पोटात गेला की आतले जंतू बिघडतात, गॅस धरतो, पोट दुखतं म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. त्याला उलटीही करता येत नाही. चांगल्या सशाच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला की आत सारखी बारीक गुडगुड ऐकू येते. पोट बंद पडलेल्या सशाचं ऐकायला जावं तर आत काहीच नाही, किंवा मध्येच गॅसचा एखादा टिणकन आवाज, आणि बोटांना जठर मळून ठेवलेल्या कणकेसारखं लागतं, दाबलं की खळगा तसाच राहतो. कान हाताला गार लागतात. खाली ट्रेमध्ये लेंड्या नाहीत, किंवा असल्याच तर मोहरीएवढ्या. बारा तास खाल्लं नाही तर ती इमर्जन्सी, उद्या बघू असं चालत नाही.

आणि तुम्ही जे लिहिलंय ना की आदल्या रात्रीपर्यंत ठीक होता, हे मला प्रत्येक जण सांगतो आणि प्रत्येक जण खरं सांगत असतो. ससा हा दुसऱ्याचं भक्ष्य असलेला प्राणी आहे. रानात जो लंगडला, जो मागे राहिला, त्यालाच आधी उचलतात, म्हणून दुखणं लपवायचं हे त्याच्या रक्तातच आहे. मालकाला कळेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. सिनेमातले ससे कायम भ्यालेले, कान टवकारलेले दिसतात ते याचमुळे, आणि चिकू गप्प बसून होता तो पण याचमुळे. तेव्हा आमचं लक्ष नव्हतं असं स्वतःला बोल लावत बसू नका. चारा चुकीचा होता हे खरं, पण ज्या दुकानातून ससा आणला तिथे तुम्हाला कुणी गवताचं नाव तरी काढलं होतं का? बहुतेक नसणारच.

यांची भीती फुकट नसते हे मी घरी बघितलंय. आमच्या त्या जोडीतली मादी रात्री कधीकधी पाय आपटायची, लाकडी खोक्यात दणकन आवाज, आजी वैतागायची. एकदा मिरगाच्या पावसात ती थांबेचना, आपटतेय आपटतेय, बाबा बॅटरी घेऊन उठले तर मागच्या पडवीत लाकडांच्या ढिगावरून धामण येत होती. कुत्रा तिथेच पडवीत घोरत होता. पुढे पुस्तकात फायव्हर 'इथे काहीतरी वाईट होणार आहे' म्हणून थरथरतो आणि वसाहतीचा मुख्य ससा त्याला झिडकारून लावतो ते वाचलं तेव्हा मला आधी तो खोका आठवला.

असो. आता मुलीला सांगायचं कसं. संध्याकाळी झोपायच्या वेळी सांगू नका, सकाळी सांगा, सुट्टीच्या दिवशी, म्हणजे तिला दिवसभर प्रश्न विचारायला मिळतील. गोल गोल बोलू नका. "बाय, चिकू सड्यावर नाहीये. तू मामाकडे होतीस तेव्हा तो आजारी पडला आणि मेला. त्याचं पोट बंद पडलेलं. तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही खोटं सांगितलं, ते आमचं चुकलं." बस, एवढंच. मेला हाच शब्द वापरा. झोपला म्हटलं तर धाकटा रात्री झोपायला घाबरेल, पाच वर्षांच्या पोराला मेलेलं परत येत नाही हे अजून पुरतं उमजलेलं नसतं, तो आठ दिवसांनी परत विचारेल चिकू कधी येणार, तेव्हा न चिडता परत तेच सांगायचं. देवाघरी गेला असं तुमच्याकडे म्हणत असतील तर म्हणा, त्यात काही वाईट नाही, पण मेला हे सांगून झाल्यावर, त्याच्याऐवजी नको.

ती चिडेल. रडण्यापेक्षा चिडण्याची तयारी ठेवा, कारण तिने एवढ्या कोथिंबिरीच्या जुड्या सांभाळल्यात. चिडू दे. चिकूला कुठे पुरला ते तिला दाखवा, ती कोथिंबीर तिथे ठेवायची म्हणाली तर ठेवू दे. आणि तिने मी घरी असते तर वाचला असता का असं विचारलं तर (विचारतातच) सरळ सांगा की नाही, हे तुझं काम नव्हतं, मोठ्यांनाही कळलं नाही. पाव ती घालायची का तुम्ही, हे तुमच्या प्रश्नातून मला कळलं नाही. ती घालत असेल तर हा भाग फार सांभाळून घ्या. पाव सगळ्यांनी घातला, कुणालाच माहीत नव्हतं, असंच सांगा, आणि तिने खोदून विचारल्याशिवाय पावाचा विषय तुम्ही काढू नका.

मग सिनेमा. खरं सांगितल्यावर लगेच त्याच दिवशी नको, थोडे दिवस जाऊ देत. तोवर तिची इच्छा गेली तर उत्तमच, मागे लागून दाखवायची गरज नाही. राहिली तर दाखवा, पण आधी तुम्ही एकट्याने पूर्ण बघा. नऊ वर्षांची सगळी मुलं सारखी नसतात, काही जणी सिनेमात कुत्र्याच्या पायाला लागलं तरी आठवडाभर रडतात, काही जणी मासळी बाजारात आईबरोबर सुरमई कापताना टक लावून बघत उभ्या असतात, तुमची कुठल्या जातीची ते तुम्हालाच माहीत. दुपारी बघा, रिमोट हातात ठेवा, धाकट्याला शेजारी पाठवा, त्याच्यासाठी हा सिनेमा नाहीच. बिळं बुजवण्याचा भाग मी असते तर सरळ पुढे ढकलला असता, जिचा ससा आजारी पडून गेलाय त्या मुलीला गुदमरणारे ससे दाखवून काही मिळत नाही. शेतघराचा भाग मात्र ठेवा, आणि तिथे थांबून बोला, पाळलेल्या सशाला बाहेर का जमत नाही ते. हे तिला आता ऐकवेल, कारण चिकू सड्यावर नाही हे तिला माहीत असेल. आणि शेवट कापू नका, कितीही रडली तरी.

२०१८ साली बीबीसी आणि नेटफ्लिक्सने मिळून चार भागांची मालिका पण काढली होती, कॉम्प्युटरवर केलेली, हेझलला जेम्स मॅकॅव्हॉयचा आवाज, जनरलला बेन किंग्जलीचा. त्यात रक्त कमी आहे म्हणून लोक मुलांना ती लावून देतात, पण भीती काही कमी नाही, उलट ताण लांबतो, आणि मला तरी त्यातले अर्धे ससे एकमेकांसारखेच दिसले. एका बैठकीत संपणारा जुना सिनेमा, हवं तिथे थांबवून, मला जास्त बरा वाटतो. ज्यांना असलं काहीच नको त्यांनी पुस्तक घ्यावं आणि मोठ्याने वाचून दाखवावं, जिथे जड होईल तिथे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. इंग्रजी जड आहे, पण वाचता वाचता मराठीत सांगत गेलं तरी चालतं.

म्हणजे क्रम असा: आधी खरं, मग थोडे दिवस, मग तुम्ही एकट्या, मग ती आणि तुम्ही, धाकटा नाही.

राहिला दुसरा ससा. लगेच नको, विषय मिटवायला तर नकोच, कारण मुलांना ते बरोब्बर कळतं. शिवाय आता चवथ तोंडावर आलीय, घरात पाहुणे, फटाके, आणि पुढे दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री पहाटेपर्यंत स्पीकर. नवीन जागेत आलेला ससा अशा आवाजाने भेदरून खाणं सोडतो. घ्यायचाच तर दिवाळीनंतर, हवा जरा उतरल्यावर.

तोवर विचार करा, कारण नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो, म्हणजे तुमची मुलगी कॉलेजात जाईपर्यंत, आणि तेव्हा त्याला गवत घालणार तुम्हीच. एकटा ससा कंटाळतो, जोडी बरी, पण नर-मादी असतील तर नराचं ऑपरेशन आधी करून घ्या, एक महिन्यात पिल्लं होतात आणि व्यायल्या व्यायल्या मादी परत गाभण राहू शकते. मादीचंही करून घेतलेलं चांगलं, ऑपरेशन न केलेल्या माद्यांना वय वाढल्यावर गर्भाशयाचा कॅन्सर फार मोठ्या प्रमाणात होतो. फक्त ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला आधी विचारा की सशांची केलीयत का, यांची भूल कुत्र्यामांजरासारखी नसते. विचारलं म्हणून कुणी रागावलं तर दुसरा डॉक्टर बघा.

खाणं सोपं आहे, लोक उगाच अवघड करतात. चोवीस तास गवत. दूर्वा आपल्याकडे चवथीला सगळ्यांना सापडतात, त्या वर्षभर उगवतात, सशाला फार आवडतात, फक्त रस्त्याकडेच्या आणि तणनाशक मारलेल्या जागेच्या नकोत. पावसात ओलं गवत पुसून, थोडं सुकवून द्या. सुकं गवत ऑनलाइन मिळतं, टिमोथी म्हणून. बरोबर मुळ्याची पानं, कोथिंबीर, पुदिना. गाजर गोड असतं, ते खाऊ म्हणून एखादी चकती. पाव, बिस्किट, भात, चपाती काही नाही. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या पार्श्वभागाशी तोंड नेऊन खातो, त्याला मारू नका, ते त्याचं दुसऱ्यांदा पचवणं आहे, ते थांबलं तर आजारी पडेल.

औषधांबद्दल दोनच गोष्टी, पण लिहून ठेवा. कुत्र्याच्या मानेवर गोचीड-पिसवांसाठी टाकतात ते फिप्रोनिलचे थेंब सशाला कधीही टाकू नका, विषारी आहे त्यांना. आणि घरातलं मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप तोंडाने पाजू नका, पोटातले चांगले जंतू मरून ससा दगावतो. हे दोन्ही प्रकार झालेले ससे माझ्याकडे आलेत.

शेवटी उकाडा. सशाला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकतो ती बरीचशी कानांतून, आणि हवेचं तापमान अठ्ठावीस-तीसच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. आपल्या दमट हवेत तर आणखीच. म्हणजे गोव्यात वर्षाचे कितीतरी महिने त्याला घरात सावलीची, वारा खेळणारी, थंड लादीची जागा लागते, गॅलरी नाही. पिंजरा ठेवलाच तर तळाला जाळी नको, टाचा सोलवटतात, खाली पोतं किंवा चटई हवी. मे महिन्यात फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवली की ससा आपसूक तिला टेकून आडवा होतो.

तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की घरातल्या ज्या कोपऱ्यात ठेवायचा विचार आहे तिथे एक साधा थर्मामीटर टांगा, दुपारी दोन ते चार किती जातं ते आठवडाभर मुलीलाच वहीत लिहायला सांगा, आणि ते आकडे इथे टाका. मग जोडी आणायची की नाही ते बघू.